यादीतलं दहावं यंत्र

भास्कराचार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे लीलावती, आणि दुसरी म्हणजे न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण कोणी सांगितलं याबद्दलचा व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज. मेसेजच्या पुढे सहसा कोणी जात नाही. मीही गेले नसते. पण थर्ड इयरला आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा विषय आला आणि आमच्या रूमवर रोज रात्री मेसनंतर एकच वाद सुरू झाला : माणसाचा मेंदू हे एक यंत्रच आहे की नाही? माझी रूममेट म्हणते, आहेच. न्यूरॉन म्हणजे स्विच, आठवण म्हणजे मेमरी, विचार म्हणजे प्रोग्रॅम, विषय संपला. १९४३ मध्ये मॅक्युलॉक आणि पिट्स यांनी न्यूरॉनचं गणिती मॉडेल मांडलं, १९५० मध्ये ट्युरिंगने यंत्र विचार करू शकतं का हा प्रश्न विचारला, आणि आता तर आमची निम्मी असाइनमेंट्स यंत्रच लिहून देतं. मग आपण इथे चार वर्षं कशाला बसलोय, असा तिचा शेवटचा प्रश्न असतो. याचं उत्तर मला देता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न मला झोपू देत नव्हता.

लायब्ररीत सिद्धान्तशिरोमणीचं भाषांतर हाती आलं ते या काळात. त्यातल्या गोलाध्यायात यंत्राध्याय नावाचं प्रकरण आहे. त्यात भास्कराचार्यांनी यंत्रांची यादी दिली आहे : गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक. ही झाली नऊ. यांपैकी फलकयंत्र त्यांनी स्वतः शोधलेलं. आणि दहावं यंत्र? धी. म्हणजे बुद्धी! आणि खरं यंत्र ते एकच, असंही ते सांगून टाकतात. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने लाकडी चकत्या आणि तांब्याच्या वाट्यांच्या रांगेत माणसाची बुद्धी नेऊन बसवली. हे वाचल्यावर मी ते पुस्तक इश्यू करून घेतलं आणि दोनदा रिन्यू केलं.

आता माणसाची ओळख. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. हे त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवलंय, त्यामुळे वाद नाही. गाव सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडविड. ते नेमकं कुठलं, यावर मात्र भरपूर वाद आहे. कोणी विजापूर म्हणतं, कोणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, कोणी आमच्या मराठवाड्यातलं बीडही म्हणतं. मी माकणीची, लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. त्यामुळे माझं मत कुठे झुकत असेल ते सांगायला नको. पण पुरावा पाटणच्या बाजूने भक्कम आहे, त्याकडे शेवटी येते. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि गणिती, आणि तेच त्यांचे गुरू. घराणं पिढ्यान्‌पिढ्या विद्वानांचं. म्हणजे आजच्या भाषेत घरातच कॉलेज होतं.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. सगळं श्लोकांत. आपल्याला वाटतं की गणित श्लोकांत लिहिणं ही हौस होती. पण विचार करा, कागद नाही, छपाई नाही. विद्यार्थ्याचं डोकं हीच हार्डडिस्क. श्लोक वृत्तात असला की एखादं अक्षर गळलं तरी कानाला लगेच खटकतं. म्हणजे एरर चेकिंगसुद्धा आलं. पाठ करून घेण्याच्या या पद्धतीला आपण नावं ठेवतो, पण डेटा टिकवण्याची ती एक युक्ती होती आणि ती शतकानुशतकं चालली.

इथे मला आबांबद्दल लिहायलाच हवं. आबा म्हणजे माझे आजोबा. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, एकोणऐंशी म्हटलं की अजूनही मनातल्या मनात सेव्हंटी नाइन करून घेते. पण सुट्टीत माकणीला गेलं की आबा ओसरीवर बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणून घ्यायचे. तुरीच्या पोत्यांचा हिशोब ते माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी सांगायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. त्यानंतर हळूहळू माणसं ओळखणं गेलं. आता मी समोर बसले की ते मला तू कोणाची म्हणून विचारतात. आणि मी पावकीची पहिली ओळ सुरू केली की पुढची सगळी पावकी, एकही चूक न करता, शेवटपर्यंत म्हणतात. मग परत विचारतात, तू कोणाची. रूममेट म्हणते तसा मेंदू नुसतं यंत्र असेल तर आबांकडे जे शिल्लक आहे तो यंत्राचा भाग म्हणायचा का? आणि जे गेलं ते काय होतं? मला हा प्रश्न परीक्षेच्या पेपरातला नाही, घरातला आहे. म्हणून भास्कराचार्यांच्या त्या दहाव्या यंत्राने मला धरून ठेवलं.

तर पुन्हा आचार्यांकडे. ते यंत्रांचे विरोधक नव्हते, उलट शौकीन म्हणावेत असे होते. घटीयंत्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यात सोडायची, भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटिकांचा दिवस. लीलावतीची प्रसिद्ध गोष्ट याच यंत्राभोवती फिरते. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला वडिलांनी घटीयंत्र लावलं, मुलगी कुतूहलाने वाकून पाहायला गेली, तिच्या अंगावरचा मोती वाटीत पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. मग तिच्या नावाने ग्रंथ. गोष्ट भास्कराचार्यांनी मात्र कुठेच लिहिलेली नाही. ती येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. तरी मला ती गोष्ट आवडते, कारण गोष्टीतली मुलगी यंत्र कसं चालतं हे बघायला जाते. फक्त त्याबद्दल तिला शिक्षा व्हावी, हे काही पटत नाही.

दुसरं यंत्र जास्त गमतीचं. स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणारं चाक. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आणि किंचित वाकड्या आऱ्या बसवायच्या, प्रत्येकीत अर्धा पारा भरून तोंडं बंद करायची. चाक दोन खांबांमध्ये आसावर ठेवलं की एका बाजूचा पारा टोकाकडे जाणार, दुसऱ्या बाजूचा मध्याकडे येणार, आणि चाक फिरतच राहणार! आपल्यातले मेकॅनिकलवाले इथे हसतील, आणि हसू द्या. ज्या बाजूला पारा लांब जातो त्या बाजूला आऱ्या कमी येतात, टॉर्क दोन्हीकडे सारखाच होतो, वर घर्षण आहेच. असं चाक थांबतं. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिलार द ओनकूर यानेही अशाच चाकाचं चित्र काढलं, आणि प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये फ्री एनर्जीचं मॉडेल आणणारा एक तरी ग्रुप आजही निघतोच. भास्कराचार्यांना आपण थोर मानतो म्हणून त्यांचं चाक बरोबर ठरवायची गरज नाही. ते चुकीचं आहे.

पण हे चाक मला आमच्या वादात उपयोगी पडलं. मी रूममेटला म्हटलं, बघ, नसलेलं यंत्र डोक्यात फिरवून दाखवणं हे काम यंत्र करू शकत नाही. तिने लगेच मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून अस्तित्वात नसलेल्या एका पुस्तकाचा छान सारांश लिहून घेतला. म्हणजे ठाम आवाजात खोटं रचणं आता यंत्रालाही जमतं. तो मुद्दा मी हरले. दुसरा शोधावा लागला.

तो मला बीजगणितात सापडला. भास्कराचार्यांनी एक उदाहरण घेतलंय : अशी पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर उत्तरही पूर्ण वर्ग येईल. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. १, २, ३ असं करत गेलात तर हॉस्टेल सोडायची वेळ येईल. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० आणि वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९. मी सी मध्ये साधा लूप लिहून पाहिला. इंटिजर साधा ठेवला तर ओव्हरफ्लो होतो, लाँग लाँग घेतला की उत्तर मिळतं. यंत्र बावीस कोटींहून जास्त वेळा आपटतं आणि दार उघडतं. आचार्यांकडे लूप नव्हता. १६५७ मध्ये फर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितींपुढे आव्हान म्हणून टाकला. पाचशे वर्षांपूर्वी तो इकडे सुटलेला होता, हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं.

ती पद्धत म्हणजे चक्रवाल. मूळ कल्पना त्यांच्याही आधीच्या जयदेव नावाच्या गणितीची आहे, आणि त्याच्याही मागे ब्रह्मगुप्त आहे. भास्कराचार्यांनी ती नीट बसवून दिली. सुरुवात जवळच्या वर्गापासून. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. हवा होता फरक १, मिळाला ३. आता एक संख्या निवडायची. अट अशी की ८ मध्ये ती मिळवली तर बेरजेला ३ ने भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ७ चालतो : ८ आणि ७ मिळून १५, त्याचा तिसरा भाग ५, ७ चा वर्ग ४९. नियमाप्रमाणे पुढची जोडी येते ३९ आणि ५. पडताळा पाहा, ३९ चा वर्ग १५२१, आणि ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. फरक उणे ४. बस्स, फरक ४ वर आला की पुढे ब्रह्मगुप्ताच्या रीतीने जोड्या एकमेकींत गुंफून थेट त्या राक्षसी उत्तरापर्यंत जाता येतं. ही पद्धत नेहमी उत्तरापर्यंत पोहोचते याची सिद्धता द्यायला गणिताला खूप पुढच्या काळाची वाट पाहावी लागली.

आता सांगा, हे यंत्र की बुद्धी? पायऱ्या ठरलेल्या आहेत, म्हणजे अल्गोरिदमच. एकदा शिकलं की डोकं न वापरता करता येतं, आणि आबांच्या पावकीसारखं म्हणूनही टाकता येईल. पण ही पायरी अशी ठेवायची, फरक कमी करत न्यायचा, हे कुणाला तरी दिसावं लागलं. आचार्य बीजगणितात सांगतात की खरं बीज म्हणजे बुद्धीच, अक्षरं आणि चिन्हं ही तिची मदतनीस. आणि गोलाध्यायात म्हणतात की उपपत्तीशिवाय, म्हणजे हे असं का याचं कारण कळल्याशिवाय, गणकाला सभेत मान नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातला संशयही फिटत नाही. मनातला संशय! माझ्या लूपला २२ कोटी फेऱ्यांत एकदाही संशय आला नाही. व्हायवाला आपल्याला स्टेप्स येतात आणि का विचारलं की आपण छताकडे बघतो, तेव्हा आपण त्या लूपच्याच पंगतीत बसलेले असतो.

शून्याने भागण्याचं प्रकरणही असंच. कॅल्क्युलेटरवर शून्याने भागलं की एरर येते. सी मध्ये इंटिजर असेल तर बहुधा प्रोग्रॅम कोसळतो, फ्लोट असेल तर इन्फ छापून मोकळा होतो. भास्कराचार्य तिथे थांबून बघत राहिले. अशा राशीला त्यांनी खहर नाव दिलं आणि म्हटलं की तिच्यात काहीही मिळवा किंवा काढा, तिच्यात फरक पडत नाही, जसा सृष्टी निघताना आणि लय पावताना अनंत अशा परमेश्वरात फरक पडत नाही. आजच्या गणिताच्या कसोटीला हे पूर्ण उतरत नाही, कारण शून्याने भागून परत शून्याने गुणलं की मूळ संख्या मिळते असं ते धरून चालतात, ते मान्य होण्यासारखं नाही. पण एरर आली तिथे न पळता उभं राहणं, हेही काही कमी नाही.

धीयंत्राकडे परत येते, कारण ते नुसतं कौतुकाचं नाव नव्हतं. ते वापरायचं कसं हेही सांगितलंय. हातात एक काठी हवी आणि डोकं हवं, एवढंच. पाण्यापलीकडे वेळू उभा आहे. जवळ न जाता त्याची उंची आणि अंतर सांगायचं. काठी डोळ्याशी धरून आधी वेळूच्या टोकाकडे रोखायची, मग पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबाच्या टोकाकडे. दोन्ही वेळा काठी किती कलली ते मोजायचं. दिवाळीत मी हे माकणीला करून पाहिलं. निम्न तेरणा धरणाच्या पाण्याच्या कडेला, पलीकडच्या एका झाडावर. डोळा पाण्यापासून २ मीटर उंच धरा. टोकाकडे बघताना दर मीटर अंतराला चढ ०.२ आला आणि प्रतिबिंबाकडे बघताना उतार ०.३ आला, तर उंचीची दुप्पट ४, तिला दोन्हींच्या फरकाने म्हणजे ०.१ ने भागा : अंतर ४० मीटर. ४० चा ०.२ पट ८, त्यात डोळ्याची उंची २ : झाड १० मीटर. हे आकडे समजायला सोपे घेतलेत, माझे तिथले इतके गोंडस नव्हते. सकाळी लवकर जावं लागतं, वारा सुटला की प्रतिबिंब मोडतं आणि अख्खं त्रिकोणमितीचं दुकान बंद. माझा चुलतभाऊ फोनमधल्या अॅपने उंची मोजून मोकळा झाला. दोन्ही उत्तरांत फार फरक नव्हता. पण अॅपने असं का ते त्याला विचारलं, तर त्याने खांदे उडवले.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. बुद्धी जर यंत्रांच्या यादीत असेल, तर ते यंत्र वापरणारा कोण? शंकू रोवणारा हात वेगळा, काठी धरणारा हात वेगळा. धी कोणाच्या हातात? आपल्याकडे मनबुद्धीला अंतःकरण म्हणतात, आणि करण म्हणजे साधन, हत्यार. सांख्यवाल्यांनी तर बुद्धीला सरळ जड प्रकृतीत ढकललं आणि बघणारा पुरुष वेगळा ठेवला. म्हणजे मेंदू यंत्र आहे म्हणून बिचकायचं काही कारण या मातीत तरी नव्हतं. आज आपण म्हणतो की मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आहेत आणि तो साधारण २० वॅटवर चालतो. यादी मोठी झाली, वापरणारा त्या यादीत अजून सापडला नाही. रूममेट म्हणते वापरणारा असा कोणी नाहीच. असेलही. पण आबा पावकी म्हणताना मधूनच थांबून माझ्याकडे बघतात, तेव्हा मी तिचं उत्तर स्वीकारत नाही. माझ्याकडे याला उपपत्ती नाही, आणि आचार्यांच्या सभेत मला मान मिळाला नसता, हे मला माहीत आहे.

उतारवयात भास्कराचार्य काय करत होते? काम. ११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. हा ग्रहगणिताचा सोपा, हातखंडा ग्रंथ. मोठ्या सिद्धान्तातली लांबलचक आकडेमोड टाळून पंचांगवाल्याला झटपट उत्तर मिळावं अशा रीती त्यात आहेत. ज्या माणसाने आयुष्यभर उपपत्तीचा आग्रह धरला, त्यानेच म्हातारपणी घाईत असलेल्या लोकांसाठी तयार सूत्रं लिहून दिली. यात मला विसंगती दिसत नाही. सगळ्यांना सगळं कारण नको असतं, शेतकऱ्याला पेरणीसाठी तिथी हवी असते.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून नेऊन आपल्या दरबारात पंडितांचा प्रमुख केलं. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दानं मिळाली. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास प्रकाशात आणला, आणि पाटणचा दावा भक्कम झाला तो त्यामुळेच. लेखात घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, तिथले निकुंभ घराण्याचे राजे सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी दिलेली दानं आहेत, मठात भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या घराण्यातले ग्रंथ शिकवले जावेत अशी व्यवस्था आहे. बहुतेक लेख संस्कृतात आहे. पण शेवटी पैशांचा विषय आला तशी भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, बाजारातल्या माणसाला कळावी म्हणून. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई त्यावर गिऱ्हाईकाकडून राजाला जाणारा कर मठाला दिलेला आहे. आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे थोडं तेल, तेही मठाला.